'नाही' कळवायला पैसे पडत नाहीत



आज थोडं रागावून लिहिते आहे. पापड-सांडग्यांचा राहिलेला लेख पुढच्या आठवड्यात.

विषय नोकरीचा आहे, पण तो फक्त नोकरी करणाऱ्यांचा नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात सध्या एक मूल मोबाइलकडे बघत बसलेलं आहे. कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीने, म्हणजे हल्लीच्या भाषेत 'रेफरल'ने, त्याचं नाव आत गेलेलं आहे. मुलाखतीचं बोलावणं येणार की नाही, ते कळत नाही. 'हो' नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. आठवडा जातो, महिना जातो, दोन महिने जातात. जेवायला बसलं तरी फोन ताटाशेजारी.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. ज्याने अर्ज घेतला, त्याच्यावर उत्तराचं देणं आहे. ते जो देत नाही तो थकबाकीदार आहे, मग त्याचं ऑफिस कितीही काचेचं असो.

आधी हा रेफरल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या बायकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ 'वशिला' असा झाला आहे. 'दाजींनी नाव टाकलंय' म्हटलं की अर्धी नोकरी लागली, अशा थाटात आपण पेढ्यांचा हिशेब करायला लागतो. तसं नसतं. कंपनीत जागा निघाली की ती कर्मचाऱ्यांनाही कळवतात. कर्मचारी कंपनीच्या पोर्टलवर जाऊन आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव, फोन, बायोडेटा भरतो. तिथे त्याचं काम संपलं. पुढे भरतीचं काम बघणारी माणसं ती यादी चाळतात, त्यातली काही नावं त्या विभागाच्या मॅनेजरकडे जातात, आणि मॅनेजर ठरवतो कुणाला बोलवायचं. नाव टाकणाऱ्याला बहुतेक वेळा पोर्टलवर एक शब्द दिसतो, 'अंडर रिव्ह्यू'. म्हणजे विचार चालू आहे. कोण करतंय, कधीपर्यंत करणार, हे त्यालाही दिसत नाही.

आणि कंपनी हे उपकार म्हणून करत नाही. बाहेरच्या प्लेसमेंट एजन्सीकडून माणूस घेतला तर बऱ्याचदा त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढी फी द्यावी लागते. रेफरलने माणूस मिळाला तर ती वाचते. त्यातला थोडा भाग नाव सुचवणाऱ्याला बक्षीस म्हणून देतात, तोही नवा माणूस काही महिने टिकला तर. शिवाय आपल्या माणसाने सुचवलेला माणूस साधारण भरवशाचा निघतो, हा फायदा वेगळाच. थोडक्यात, कंपनी आपल्या कर्मचाऱ्याचे नातेसंबंध वापरते. त्याच्या मावसबहिणी, मेहुणे, शेजारी, कॉलेजचे मित्र, हे सगळं तिचं भांडवल होतं. भांडवल वापरायचं आणि त्याची काळजी मात्र घ्यायची नाही, हा कुठला व्यापार?

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक लेख या विषयात फार गाजलेला आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नव्याने नोकरी बदललेल्या लोकांशी तो बोलला. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारलं, की ज्या माणसाने मदत केली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे शंभरात सतराच निघाले. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. घरच्यांना आपल्याइतकंच माहीत असतं, लांबच्या ओळखीला वेगळं काहीतरी माहीत असतं, असं त्याचं साधं कारण. आपल्यालाही हे अनुभवाने ठाऊक आहे. नोकरीची बातमी सख्ख्या भावाकडून कमी येते, जावेच्या भाच्याकडून जास्त येते. पण ही लांबची नातीच नाजूक असतात. सख्खा भाऊ दोन महिने बोलला नाही तरी तुटत नाही. जावेच्या भाच्याचा एक फोन उचलला गेला नाही, तर ते नातं तिथंच संपतं. कंपनीच्या गप्प बसण्याचा मार नेमका अशा नात्यांवर पडतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं सांगते. बी.कॉम. झालेली, टॅली आणि जीएसटीचं काम येणारी, गावातच एका ठिकाणी हिशेब लिहायची. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत तिच्या मावसबहिणीचा नवरा आहे. त्याने तिचं नाव टाकलं. चार दिवसांत कंपनीची मेल आली, 'आपला अर्ज मिळाला, धन्यवाद.' घरात आनंद झाला. त्यानंतर अकरा आठवडे काही नाही.

त्या अकरा आठवड्यांत काय काय झालं ते ऐका. तिसऱ्या आठवड्यात सांगलीतल्या एका सीएच्या ऑफिसातून तिला बोलावणं आलं. पगार बरा होता. आई म्हणाली, 'पुण्याचं होतंय की, दाजी आहेत ना.' मुलीने ते सोडलं. पाचव्या आठवड्यापासून आईचे दाजींना फोन सुरू झाले. दाजींनी भरतीवाल्यांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर. तेच त्यांनी इकडे सांगितलं. आईला वाटलं, हे टाळतायत. आठव्या आठवड्यात दाजींनी फोन उचलणं बंद केलं, कारण सांगायला काही नव्हतंच. मग घरातल्या एका बारशाला ते जोडपं आलं नाही. दोघी सख्ख्या बहिणी, म्हणजे मुलीची आई आणि मावशी, एकमेकींशी तुटक बोलायला लागल्या. शेवटी कुठून तरी कळलं की ती जागा दुसऱ्याच आठवड्यात कंपनीतल्याच माणसाला देऊन टाकली होती. पोर्टलवर मात्र 'अंडर रिव्ह्यू' तसंच लटकलेलं.

म्हणजे बघा, दुसऱ्या आठवड्यात एक ओळ आली असती, 'ही जागा भरली गेली आहे', तर सीएकडची नोकरी हातात राहिली असती आणि बारसंही सगळ्यांनी मिळून केलं असतं. एका ओळीची किंमत किती, तर एका मुलीची नोकरी आणि दोन बहिणींचं बोलणं. कंपनीच्या वहीत हा खर्च कुठेच दिसत नाही, कारण तो आपल्या वहीत पडला.

आता व्यापाराच्या भाषेत बोलते, कारण आपल्या घराघरांत ती समजते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि एप्रिल २०२४ पासून आयकरातही गाठ मारली, की वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच मिळेल. त्या मार्चमध्ये आपल्या किती घरांत यावरून रात्री-रात्री वह्या उघडल्या गेल्या, ते आठवा. म्हणजे कापडाच्या गठ्ठ्याच्या, लोखंडाच्या नटबोल्टच्या पैशांना ४५ दिवसांची मुदत आहे. जिवंत माणसाने आपली शिकलेली वर्षं कागदावर मांडून पाठवली, तर त्याला उत्तर द्यायला मात्र मुदतच नाही.

सरकारी कचेरीला आपण रोज नावं ठेवतो. पण माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर २००५ च्या कायद्याने तिला ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. खासगी कंपनीत नोकरीसाठी अर्ज केलेल्या माणसाला 'माझं काय झालं' हे कळण्यासाठी असा कुठला कायदा आपल्याकडे नाही.

दुसरीकडे असं होऊ शकतं का? होतंय. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, जिथे आपल्याही ओळखीतली मुलं टोरांटोला जाऊन राहिली आहेत, १ जानेवारी २०२६ पासून नियम लागू झाला आहे. २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. जाहिरातीतली जागा खरंच रिकामी आहे की नाही, हेही जाहिरातीतच सांगायचं. हा नियम मुलाखत दिलेल्यांपुरता आहे, मुलाखतीच्या आधीच ताटकळणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. तरी सुरुवात झाली. आणि योगायोग बघा, आकडा तोच, ४५. माल पोचल्यावर पैसे, मुलाखत झाल्यावर उत्तर. आपल्याकडे पहिलं आहे, दुसरं नाही.

यावर मला जी उत्तरं ऐकायला मिळतात, तीही घेते.

पहिलं उत्तर, 'अहो काकू, एका जागेला हजारो अर्ज येतात, कुणाकुणाला कळवणार?' अरे बाबा, 'अर्ज मिळाला, धन्यवाद' ही मेल हजारोंना जातेच ना? ती काय कुणी रात्री जागून हाताने लिहितो? ज्या यंत्राने आभार मानले, त्याच यंत्राला 'जागा भरली' हे सांगायला शिकवता येतं. जागा बंद करताना एक बटण जास्त दाबायचं, एवढाच प्रश्न आहे. सोय नाही असं नाही, गरज वाटत नाही असं आहे.

दुसरं उत्तर, 'नाही सांगितलं की लोक कारण विचारतात, वाद घालतात.' घालू देत दोन-चार. कारण देऊच नका. 'या जागेसाठी आपली निवड झालेली नाही' यात वादाला जागाच कुठे आहे? आमच्या तरुणपणी अनेक ठिकाणांहून टाइप केलेलं पत्र यायचं, 'कळवण्यास खेद होतो'. वाचून तोंड उतरायचं, संध्याकाळी दुसरा अर्ज लिहायला घ्यायचो. वाईट बातमी पचते. बातमीच नसणं पचत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत बरोबर आहे, म्हणून त्याला मान देते. 'आजची मुलंही तसंच करतात. ऑफर घेतात, तारीख देतात आणि त्या दिवशी येतच नाहीत.' खरं आहे. त्यांची जागा धरून ठेवणारा मॅनेजर तसाच ताटकळतो. ते चूकच आहे, आणि आपल्या मुलांनी तसं केलं तर आपण कान धरला पाहिजे. पण एकाने उधारी बुडवली म्हणून दुसऱ्यानेही बुडवावी, असं कुठल्या दुकानात चालतं?

चौथं उत्तर मात्र आपल्याच बायकांचं असतं. 'धीर धरावा गं, फळ मिळतं.' मैत्रिणींनो, धीर धरणं आणि ताटकळणं यात फरक आहे. धीर धरणाऱ्याला कशाची वाट बघतोय ते माहीत असतं. शेतकरी पावसाची वाट बघतो, त्याला नक्षत्रं माहीत असतात. इथे मुलाला आपण रांगेत उभे आहोत की रांग कधीच संपली, हेच माहीत नाही. त्याला धीराचे धडे देऊ नका. आणि कंपनीच्या गप्प बसण्याला मौनही म्हणू नका. मौन घेणारा स्वतःला आवरतो. इथे दुसऱ्याला अडकवून ठेवलेलं असतं.

आता जरा घराकडे वळते. या भरतीच्या खुर्च्यांवर बसलंय कोण? हिंजवडीत, खराडीत, बंगळुरात बसलेली ती माणसं परग्रहावरून आलेली नाहीत. ती आपलीच मुलं, सुना, जावई आहेत. आणि 'नाही' न सांगण्याचं शिक्षण त्यांनी कंपनीत घेतलेलं नाही, ते घरात घेतलं आहे. लग्नाच्या स्थळांचं बघा. मुलीचा बायोडेटा मध्यस्थाकडून येतो, आपण फोटो बघतो, चहा पितो, 'कळवतो' म्हणतो. आणि गप्प बसायची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. समोरच्यांनी समजून घ्यायचं. मुलीचे वडील महिनाभर दुसरं स्थळ बघत नाहीत. मध्यस्थ काकूंना दोन्हीकडून बोलणी. हे रेफरलचंच चित्र आहे, फक्त पोर्टलच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पूर्वी १५ पैशांच्या कार्डावर 'पत्रिका जुळत नाही' असं येत असे. पत्रिका बघितलेली असो-नसो, निरोप तर पोचायचा. आता मेसेजला पैसे पडत नाहीत, तरी निरोप येत नाही.

म्हणून या खुर्च्यांवर बसलेल्या मुलांना आपणच सांगायचं. रात्री जेवताना विचारायचं, 'आज किती जणांना नाही कळवलंस?' मुलगा हसेल. हसू दे. सूनबाई भरतीचं काम बघत असेल तर तिला म्हणायचं, 'कंपनीचा नियम नसला तरी तुझ्या हातातल्या दहा-वीस जणांना तरी दोन ओळी पाठव. त्यांच्या घरीही ताट वाढलेलं आहे.'

ज्यांच्या घरात मूल वाट बघतंय, त्यांच्यासाठी व्यवहाराचं सांगते. नाव टाकताना जागेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. रेफरल दिल्यावर त्याच जागेसाठी दुसरीकडून अर्ज करायचा असेल तर आधी नाव टाकणाऱ्याला विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी अर्ज आधीच नोंदलेला असला तर रेफरल धरत नाहीत. दहा-बारा दिवसांनी मुलाने स्वतः एकदा विचारावं, आईने किंवा मामाने नाही. आणखी दोन आठवड्यांनी एकदा थेट भरती विभागाला नम्र मेल. बस. त्यानंतर ते येणं बुडीत खात्यात टाका. बी.कॉम.ला आम्ही शिकलो होतो, संशयित येण्यांसाठी आधीच तरतूद करायची असते. वसूल झालं तर नफा, नाही झालं तर धंदा बसत नाही. त्याच अभ्यासक्रमात १८७२ चा करार कायदा होता. प्रस्तावाला मुदत दिलेली नसेल, तर वाजवी काळ लोटल्यावर तो आपोआप रद्द होतो, असं त्यात आहे. नोकरीचा अर्ज कायद्याने प्रस्ताव ठरतो की नाही, यावर वकील भांडतील. आपल्याला शहाणपण पुरे आहे. वाजवी काळ गेला, आपण मोकळे. आणि मुख्य म्हणजे, एका रेफरलच्या भरवशावर दुसरी नोकरी कधी सोडू नका, दुसरा अर्ज कधी थांबवू नका.

ज्यांनी नाव टाकलं, त्यांनाही सांगते. पहिल्याच दिवशी स्वच्छ बोला, 'मी नाव दिलंय, यापुढचं माझ्या हातात नाही.' हे ऐकायला कोरडं वाटतं, पण नातं यानेच टिकतं. काही कळलं नाही तर 'मलाही काही सांगत नाहीत' असं म्हणा, फोन टाळू नका. आणि आपण बायकांनी त्या माणसाला पुन्हा पुन्हा छळू नये. त्याने आपली पत पणाला लावली आहे, त्याच्यावर ओझं टाकू नका. रागवायचं असेल तर ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्यावर रागवा.

कंपन्यांना दया दाखवा असं मी म्हणत नाही. सगळ्यांना नोकरी द्या असंही म्हणत नाही. जागा एक आणि माणसं शंभर असली की नव्याण्णव घरी जाणारच, हे आम्हाला कळतं. त्या नव्याण्णवांना 'घरी जा' म्हणा, एवढंच मागणं आहे. दाराबाहेर उभं करून दिवा मालवू नका.

आणि आपणही सुरुवात करू या. ज्या कुणाच्या घरात कुणाचा बायोडेटा, कुणाची पत्रिका, कुणाचं उसनं मागणं, कुणाचं आमंत्रण उत्तराविना पडलं असेल, त्यांनी आज रात्रीच्या आत दोन ओळी लिहून टाका. 'जमणार नाही, क्षमस्व.' बघा, पैसे पडतात का.

जय जिनेंद्र.